नुसती बघायला आलेली बोट

मी एक जुनी बोट आहे, मित्रांनो. 'जुनी' हा शब्द मी माझ्या तोंडाने म्हटला तर चालतो, दुसऱ्या कुणी म्हटलेला मला मुळीच खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आणि बोट म्हटल्यावर लगेच माझ्यात बसायची तयारी करू नका. माझ्यात माणूस सोडा, मांजरही मावणार नाही. मी शर्यतीची छोटी शिडाची बोट. लांबीला तुमच्या हाताएवढी, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. डोलकाठी मात्र त्याहून उंच. काठावर उभ्या माणसाच्या हातात रिमोट असतो. त्याची एक दांडी माझं सुकाणू फिरवते, दुसरी शिडाची दोरी ओढते किंवा सोडते. बस्स, एवढंच. पळवायचं काम वाऱ्याचं. इंजीन लावून पळणाऱ्या बोटींविषयी मी काही बोलत नाही. कशाला कुणाचं मन दुखवा!

मला तुम्हाला एका रविवाराची गोष्ट सांगायची आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मला मोडून टाकायचं ठरलं होतं. पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही गोंधळाल. पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म छत्री दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट! छताला छत्र्या उलट्या टांगलेल्या, भिंतीला डबे, डब्यांत काड्या, स्प्रिंगा, मुठी, आणि सगळीकडे मेण लावलेल्या दोऱ्याचा वास. मालकांना सगळे 'छत्रीवाले' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. एकदा ते तळ्याकाठी डबा खात बसले होते. समोर कुणीतरी अशीच एक छोटी बोट सोडली होती. ती कलली, वळली, पळाली, आणि छत्रीवाल्यांचा डबा तसाच उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुठींच्या खोक्याच्या फळ्या काढल्या आणि मला कोरायला घेतलं.

आठ महिने लागले. माझं अंग खोक्याच्या लाकडाचं. डोलकाठी एका मोठ्या छत्रीच्या दांड्याची. पोटाखाली पात्यासारखा कणा आणि मी उलटू नये म्हणून त्याला शिशाचा गोळा, तो नळवाल्याकडून मागून आणलेला. मोठं शीड काळ्या छत्रीच्या कापडाचं. पुढचं छोटं शीड पिवळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, कारण ती छत्री दुरुस्तीला टाकून तिची मालकीण कधी परतलीच नाही. आरशात पाहिलं असतं तर मी स्वतःच्याच प्रेमात पडले असते.

आता छत्रीवाल्यांची एक खोड सांगते, कारण पुढची सगळी भानगड तिच्यामुळेच झाली. छत्री दुरुस्त झाली की ते ती उघडायचे आणि कापडावर टिचकी मारायचे. 'टण्' असा आवाज आला तरच ती गिऱ्हाइकाच्या हातात जायची. जरा ढिली वाटली की टाके उसवून पुन्हा शिवायला बसायचे. सैल कापड म्हणजे आळशी हात, असं ते म्हणत. चाळीस वर्षांचा शिरस्ता. मग माझं शीड ते सैल ठेवतील? नाव नको! त्यांनी दोन तुकडे सरळ रेषेत कापले, ताणून जोडले, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून त्यात आडव्या तीन पोलादी काड्या घातल्या, छत्रीच्याच. मग टिचकी मारली. टण्! ते खूश, त्यांची बायको, म्हणजे आमच्या मालकीणबाई, खूश, आणि खोटं कशाला बोलू, मीही खूश. शीड कसं फळीसारखं ताठ! मला वाटलं, आता जग जिंकायला आपल्याला कोण अडवणार?

मग मी पाण्यात उतरले, आणि सगळी हवा निघाली.

म्हणजे वारा पाठीमागून असला की मी सुसाट. पण वारा जिकडून येतो तिकडेच जायचं तर बोटीला नागमोडी जावं लागतं. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, डोंगरावरची वाट चढते तसं. इथे आमचं घोडं पेंड खायचं. मी पुढे जायच्याऐवजी खेकड्यासारखी बाजूला सरकायची आणि शेवटी काठच्या लव्हाळ्यात जाऊन अडकायची. आमच्या तळ्याच्या पलीकडच्या काठाजवळ पाण्यात एक पांढरा खांब होता. वारा नेहमी तिकडूनच यायचा. त्या खांबाला वळसा घालून बोट परत आणायची, एवढंच छत्रीवाल्यांचं स्वप्न. अकरा वर्षं, मित्रांनो! अकरा वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो, लोक फिरायला यायच्या आधी, म्हणजे कुणी हसायला नको. आणि अकरा वर्षांत मी त्या खांबाच्या जवळपासही पोचले नाही.

छत्रीवाल्यांनी सुकाणू चार वेळा बदललं. शिसं वाढवलं, कमी केलं. शीड मात्र बदललं नाही. ते टण् वाजत होतं ना, मग त्यात खोट कशी असेल? "या तळ्याचा वाराच वाकडा आहे," ते म्हणायचे.

"हो हो," मालकीणबाई म्हणायच्या, "नाचता येईना अंगण वाकडं."

मालकीणबाईंची जीभ तिखट, पण नजर त्याहून तिखट. एक गोष्ट त्यांनी बरोबर हेरली होती. रविवारी तळ्यावरून आले की छत्रीवाले दिवसभर शीळ घालत काम करायचे. मी लव्हाळ्यातून ओढून आणलेली असले तरीही! इतर दिवशी त्यांच्या तोंडात दोरा नाहीतर टाचणी. शीळ फक्त रविवारी. मी काउंटरवर ओली पडून ती ऐकायची आणि माझा सगळा शीण जायचा.

दरवर्षी वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात यायची. छोट्या शिडाच्या बोटींची अजिंक्यपद स्पर्धा, मोठ्या तलावावर, बसने दोन तास. 'नवशिक्यांपासून तरबेजांपर्यंत सर्वांनी यावे.' छत्रीवाले ती सुबक कापायचे, भिंतीवर टाचणीला लावायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी. जरा बोट सुधारू दे." एकाच टाचणीला अकरा कात्रणं झाली.

"अहो, पाण्यात पडल्याशिवाय कुणाला पोहता आलंय का?" मालकीणबाई विचारायच्या.

"अगं, तिथे मोठमोठे लोक येतात. उगाच हसं कशाला करून घ्यायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकून झाकून बोटं आखडली तुमची!"

आणि मग तो रविवार आला. स्पर्धेच्या आधीचा. त्या दिवशी आम्हाला जरा उशीर झाला आणि तळ्यावर फिरणाऱ्यांचा अख्खा घोळका होता. मी नेहमीप्रमाणे लव्हाळ्यात घुसले. छत्रीवाले कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि मला ओढायला लागले. घोळक्यातला एक जण ओरडला, "काका, बोट आहे की शेवाळ काढायचं यंत्र?" सगळे खो खो हसले. वाईट मनाने नाही हसले, पण हसले. छत्रीवाल्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

घरी आल्यावर त्यांनी मला काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "बस झालं. पुढच्या सोमवारी मास्तरांची मोठी छत्री द्यायची आहे. तिला हवा तसा दांडा कुठे मिळत नाही. हिची डोलकाठी काढून लावतो. बाकीचं लाकूड चुलीत."

त्या दिवशी शीळ नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, ते तर रोजचंच. पण रविवारसुद्धा मुका गेला होता, मित्रांनो. माझं काय व्हायचं ते होवो, पण या माणसाची शीळ माझ्यापायी कायमची जाणार, हे मला सोसवेना. मला हातपाय असते तर मी त्या खांबापर्यंत पोहत गेले असते.

शनिवारी मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या निदान बघायला तरी जाऊ. अकरा कात्रणं कापलीत, एकदा डोळ्यांनी बघा."

छत्रीवाल्यांनी टाचणीवरची कात्रणं चाळली. "बघायला हरकत नाही. बघणाऱ्याला कोण हसतंय?"

सकाळी निघताना मालकीणबाईंच्या हातात बागेतल्या मोठ्या छत्रीची लांबलचक पिशवी होती. "यात काय आहे?" छत्रीवाल्यांनी विचारलं.

"छत्री. आभाळ भरून आलंय."

"एवढी मोठी?"

"मोठा तलाव, मोठी छत्री!"

त्या पिशवीत कोण होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. दोन तास बसच्या खिडकीला टेकून मी धडधडत होते. भीती का आनंद, ते मला अजून सांगता येत नाही.

तलावावर पोचल्यावर मालकीणबाईंनी पिशवी बाकावर ठेवली आणि तिचं तोंड मुद्दाम जरा उघडं ठेवलं. मी बाहेर बघितलं आणि अहाहा! काय सांगू तुम्हाला! अठरा बोटी! जन्मात मी माझ्यासारखी दुसरी बोट जवळून पाहिली नव्हती, आणि इथे एकदम अठरा. पांढरी शिडं, लाल शिडं, एक तर जुन्या पडद्याचं, त्यावर अजून फुलं होती. पाण्यात नारंगी बोये, म्हणजे वळसा घालायच्या खुणा, तरंगत होते. एक खाली, आणि एक दूर वर, जिकडून वारा येत होता तिकडे. एका बाईने पंचाची शिट्टी फुंकली आणि अठराच्या अठरा बोटी एका बाजूला कलून सुटल्या. काठावर नुसता कल्ला! "सरक, सरक!" "अहो, माझा रस्ता!" "वारा फिरला, वारा फिरला!" माझ्या अंगाचं लाकूडन् लाकूड शहारलं.

छत्रीवाले कुंपणाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. बघणाऱ्यासारखे. पण त्यांचे अंगठे मागे हलत होते. एक सुकाणूचा, एक दोरीचा.

त्यांच्या शेजारी एक बसचालक येऊन बसला. त्याची बोट पाण्याच्या प्लास्टिकच्या कॅनची होती, शीड फाटक्या रेनकोटचं. तो शर्यतीत शेवटचा येऊन घाम पुसत होता, आणि चेहरा असा की जणू कपच जिंकलाय.

"तीन वर्षं येतोय," तो म्हणाला. "दर वेळी शेवटचा. अहो, मी शेवटचा येतो म्हणून बाकीचे सतराजण शेवटचे येत नाहीत. समाजसेवाच की!"

छत्रीवाल्यांना हसू आलं. आठवड्यातलं पहिलं.

सकाळच्या तीन शर्यती झाल्या आणि तिसरीच्या शेवटी काठावर गडबड उडाली. तिथे एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. गेली दोन वर्षं अजिंक्यपद त्यांचंच. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बोटीची डोलकाठी ताठ धरणारी बारीक तार आकड्याशीच तुटली होती. दुपारच्या तीन शर्यती बाकी होत्या. जो तो आपला डबा चाचपत होता, कुणाकडेच तसली तार नव्हती. मी पाहिलं, छत्रीवाल्यांचे हात पाठीमागून सुटले. मोडलेली तार दिसली आणि त्यांना राहवलं नाही. खिशात कायम असलेली पक्कड काढली, दुसऱ्या खिशातून स्प्रिंगची तार काढली, आणि म्हणाले, "द्या इकडे."

पाच मिनिटं. आकडा वळवला, पीळ दिला, ओढून बघितलं. पक्का.

"दाताला तार लावणारी मी, आणि माझ्या बोटीला तार लावणारे तुम्ही!" डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "तुमची बोट कुठली यातली?"

"छे हो. मी नुसता बघायला आलोय."

"आणि हीसुद्धा नुसती बघायला आलीय," असं म्हणून मालकीणबाईंनी पिशवी ओढून काढली.

झालं! मी भर दिवसा, भर काठावर, सगळ्यांच्या समोर. छत्रीवाल्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. माणसं गोळा झाली. मी हसण्याची वाट बघत राहिले. कुणीच हसलं नाही. बसचालकाने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "काय कोरलंय हो! मला एक फळी सरळ कापता येत नाही." पडद्याच्या शिडाची मालकीण माझे टाके मोजायला लागली. मग छत्रीवाले जरा सावरले. जरा अभिमानाने त्यांनी शिडावर टिचकी मारली. टण्!

डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "अहो, हे शीड आहे की ढोल?"

"चाळीस वर्षांत माझ्या कामात एक सुरकुती नाही."

"तीच तर गडबड आहे." त्यांनी खिशातून रुमाल काढला, दोन टोकं धरून वाऱ्यावर धरला. रुमाल टम्म फुगला. "शिडाला पोट लागतं, काका. पोटात वारा शिरला की तो बोटीला पुढे ओढतो. फळीवर तो नुसता आपटतो आणि बाजूला ढकलतो. जाते ना ही बाजूला?"

"खेकड्यासारखी," छत्रीवाले हळूच म्हणाले. अकरा वर्षं आणि चार सुकाणू त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असतील.

"वाईट वाटून घेऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी पहिली दोन वर्षं सुकाणू उलटं जोडलं होतं. डावीकडे जायचं तर उजवीकडे दाबायचे. मला वाटायचं, बोटींचं असंच असतं! पहिल्यांदा इथे आले तेव्हा एका सुताराने दाखवून दिलं. घरी बसून कधी कळणार होतं?"

आता मालकीणबाईंना गप्प बसवेना. "अहो, छत्रीचा एकेक तुकडा तुम्ही कडेने बाक देऊन कापता. म्हणून तर छत्रीला घुमट येतो. हिचं शीड तेवढं सरळ कापलंत? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

छत्रीवाल्यांनी कपाळावर हात मारला. असा मारला की पलीकडच्या बाकावरच्या माणसाने वळून बघितलं.

दुपारच्या शर्यतींना एक तास होता. छत्रीवाल्यांच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असते, दोऱ्यासकट. मालकीणबाईंच्या पर्समध्ये रिमोट होताच, कात्रीही निघाली, कशी काय ते त्यांनाच ठाऊक. छत्रीवाले बाकावर बसले, मला मांडीवर घेतलं, कात्रीचं टोक शिवणीला लावलं, आणि थांबले. सैल करायला हात तयारच होईना. चाळीस वर्षांची सवय ती.

मालकीणबाई शेजारी बसल्या. या वेळी त्यांच्या आवाजात तिखट नव्हतं. "उद्या मोडायचीच आहे ना? मग आज उसवायला कसली भीती?"

कात्री चालली. टाका उसवला, दुसरा उसवला. एकेक करून तीन पोलादी काड्या बाहेर आल्या आणि मला काय हलकं वाटलं म्हणून सांगू! अकरा वर्षं घट्ट पट्टा बांधून जेवल्यासारखी मी जगत होते. छत्रीवाल्यांनी शिवणीच्या कडा बाक देऊन कापल्या, अगदी छत्रीच्या कापतात तशा. बसचालकाने कापड धरलं. सुई सरसर चालली. शेवटची गाठ मारून त्यांनी सवयीने टिचकी मारली.

फप्.

त्यांनी तोंड असं केलं की जणू कडू औषध प्यायले. "आयुष्यात पहिल्यांदा असलं काम हातावेगळं करतोय."

नाव नोंदवायच्या टेबलाशी एक ग्रंथपाल चष्मा दोरीला लावून बसले होते. छत्रीवाले चाचरत म्हणाले, "आता उशीर झाला असेल, पण..."

"एकोणीस नंबर ना? सकाळपासून वाट बघतोय तुमची," ग्रंथपाल म्हणाले.

छत्रीवाल्यांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंनी तलावाकडे पाहिलं. "मी फक्त एक फोन केला होता," त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या शिडांवर नंबर चिकटवलेले होते. माझ्यावर छत्रीवाल्यांनी कापडावर खुणा करायच्या खडूने लिहिला. काळ्यावर पांढरा, ठसठशीत १९.

चौथी शर्यत. शिट्टी झाली, मी सुटले, आणि चार हातांवर बसचालकाच्या कॅनला जाऊन धडकले. माझं पिवळं शीड त्याच्या रेनकोटात असं गुंतलं की आम्हा दोघांना होडीतून उचलून आणावं लागलं. बसचालक आनंदाने ओरडत होता, "आज मला शेवटी सोबत आहे!"

पाचवी शर्यत. मी निघाले वर. कललेली, पाण्याचा खळखळाट कानात, वाः! आणि एकदम माझा श्वास कोंडला. छत्रीवाल्यांचा अंगठा सवयीने दोरी आवळत होता. शीड ताणलं, पोट गेलं, मी पुन्हा खेकडा. शर्यतीत पुढे असलेल्या डॉक्टरीणबाई स्वतःची बोट सोडून ओरडल्या, "सोडा! दोरी सोडा हो! गळा नका आवळू तिचा!" पण वेळ संपली. मी अर्ध्या वाटेवर होते.

आता एकच शर्यत. छत्रीवाल्यांच्या कपाळावर घाम. त्यांनी रिमोट मालकीणबाईंच्या हातात दिला, दोन्ही हात झटकले, बोटं मोकळी केली आणि रिमोट परत घेतला. मी काठाशी डोलत होते. मनात म्हटलं, बाई, उद्याचा सोमवार विसर. तो बोया बघ.

शिट्टी!

या वेळी त्यांनी अंगठा सैल ठेवला. वारा आला आणि माझ्या पोटात शिरला. मित्रांनो, ते मी कसं सांगू? अकरा वर्षं जो वारा मला चापट्या मारत होता, त्यानेच मला हाताला धरून पुढे ओढलं. मी कलले, धावले. डावीकडे वळले, धावले. उजवीकडे वळले, धावले! पडद्याची फुलं मागे पडली. लाल शीड मागे पडलं. कॅन तर केव्हाच मागे. नारंगी बोया मोठा होत होता, आणखी मोठा, इतका मोठा की त्याच्यावरचं शेवाळ मला दिसलं. आणि मी त्याला वळसा घालू लागले. मी! शेवाळ काढायचं यंत्र!

पण आता गंमत ऐका. छत्रीवाल्यांनी अकरा वर्षं नुसतं खांबापर्यंत पोचायचाच विचार केला होता. पोचल्यावर पुढे काय करायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! ते तोंड उघडं टाकून बघत उभे राहिले आणि मी अर्धा वळसा घालून सरळ पलीकडच्या काठाकडे निघाले.

"अहो, वळवा! वळवा तिला!" मालकीणबाई किंचाळल्या. "बघत काय बसलात? बघायला आलात का?"

सुकाणू फिरलं. वारा पाठीशी आला, आणि पाठीशी वारा असला की मी कोण ते तुम्हाला सांगितलंच आहे. दोन बोटी मी अशा मागे टाकल्या की त्यांना पत्ताही लागला नाही. पाण्याचे तुषार उडत होते, खडूचा नंबर धुऊन गेला. पंचबाई कर्ण्यातून ओरडत होत्या, "सहावा आला चौदा नंबर! सातवा... सातवा... अहो, नंबरच नाही! ती काळी! ती काळी बोट कुणाची?"

"आमची!" मालकीणबाई एवढ्या जोरात ओरडल्या की कर्ण्याची गरज नव्हती. "आमची आहे ती!"

एकोणिसांत सातवी. आणि शेवटचं कोण आलं असेल? डॉक्टरीणबाई! त्यांच्या सुकाणूला पाणगवत गुंडाळलं होतं. गुणांवर अजिंक्यपद त्यांचंच राहिलं, पण बसचालक कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभा राहिला. "बाई, माझ्या जागेवर बसलात तुम्ही!" त्या पोट धरून हसत होत्या.

छत्रीवाल्यांनी मला पाण्यातून उचललं आणि शर्टाच्या बाहीने पुसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तलावाचं नव्हे.

सोमवारी सकाळी मास्तर छत्री न्यायला आले. छत्रीवाल्यांनी दोन जुने दांडे जोडून, मध्ये नळी बसवून, नवा दांडा तयार करून ठेवला होता. पहाटेच उठून. मालकीणबाईंनी साळसूदपणे विचारलं, "मोडणार होतात ना हिला?"

"काय मोडणार? मोडीत काढ ती टाचणीवरची कात्रणं. जागा अडवतात."

आणि मग शीळ सुरू झाली. सोमवारी! मित्रांनो, सोमवारी!

पुढे त्यांनी आणखी चार बोटी केल्या. माझ्याहून हलक्या, माझ्याहून वेगवान. माझी रवानगी भिंतीवरच्या खिळ्यावर झाली, उलट्या छत्र्यांच्या शेजारी. कधीकधी कोळी माझ्या डोलकाठीवर संसार थाटतो आणि आठवडेच्या आठवडे कुणाचं लक्ष जात नाही. राग येतो मला, नाही कशाला म्हणू? आमच्यासारख्यांना जपा, मित्रांनो. पाण्यातून काढल्यावर पुसा, शीड घडी न घालता गुंडाळा, आठवणीने झटका. पण याहून मोठी एक विनंती आहे. आम्हाला एकटं ठेवू नका. जिथे आमच्यासारख्या आणखी बोटी जमतात तिथे घेऊन जा. पहिली येते का शेवटची येते, हे नंतर बघू. तुमच्या हातून होणारी चूक तिथे कुणीतरी आधीच करून बसलेलं असतं, आणि कुणाची तरी तुटलेली तार तुमच्या पक्कडीची वाट बघत असते.

हल्ली छत्रीवाल्यांची नजर अधू झाली आहे. सुईत दोरा मालकीणबाई ओवून देतात, आणि शर्यतीत ते उतरत नाहीत. पण स्पर्धेचा दिवस आला की मला खिळ्यावरून काढतात, पुसतात आणि त्याच लांबलचक पिशवीत घालतात. तलावावर गेल्यावर ते पाण्याकडे बघतच नाहीत. कुंपणाकडे बघतात.

यंदा तिथे एक बाई उभ्या होत्या. लाँड्रीत काम करणाऱ्या, हातावर इस्त्रीचे जुने चटके. छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलेलं. छत्रीवाले काठी टेकत त्यांच्यापाशी गेले.

"काय आणलंय?"

"काही नाही हो, काका. मी नुसती बघायला आलेय."

छत्रीवाल्यांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाई पदराआड हसत होत्या. "बरं," छत्रीवाले म्हणाले, "मग मलाही बघू द्या."

बाईंनी लाजत कापड सोडलं. छोटीशी निळी बोट, नीट रंगवलेली. आणि तिचं शीड! खळ घालून, कडक इस्त्री करून, पुठ्ठ्यासारखं ताठ केलेलं. एक चुणी नाही.

छत्रीवाल्यांनी हळूच टिचकी मारली.

टण्!

ते इतके हसले, इतके हसले, की काठीवरचा हात सुटला आणि बाईंनीच त्यांना सावरलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि कॉलरवरची सुई चाचपली. ती होती तिथेच, दोऱ्यासकट.

"या," ते म्हणाले. "शर्यतीला अजून एक तास आहे."